गोलच्या मागे उभी असलेली माणसं

दिवाळीचे कंदील उतरले आणि सकाळी तोंडातून वाफ यायला लागली की बेळगावातलं आमचं वडगाव खुशीत येतं. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या राहतात, पोरं मागून कांडी ओढून काढतात, ड्रायव्हर आरशातून शिव्या देतो आणि सगळे हसतात. उचगावकडच्या बायका बाजारात हिरव्या वाटाण्याचे ढीग मांडून बसतात. घरोघरचे माग थंडीने आखडलेले असतात, सुरुवातीला त्यांचा आवाज घोगरा येतो, मग ऊन वर आलं की मोकळा होतो. दुपारी ते ऊन पाठीवर घेत बायका गच्चीवर बसतात आणि म्हणतात, असले दिवस बारा महिने असायला पाहिजेत.

मला हा हंगाम सोसत नाही. गल्लीमागच्या मैदानावर पाणी मारून माती दाबायला लागले, चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडल्या, की माझं डोकं फिरतं. फुटबॉल क्लबची पोरं वर्गणीला येतात. मी दार उघडते, त्यांच्याकडे बघते आणि सांगते, "घरात कोण न्हाय." मी समोर उभी असते. पोरं एकमेकांकडे बघतात आणि पुढच्या दाराला जातात. आता त्यांना सवय झाली आहे. नवीन पोरगा असला तर जुने त्याला कोपराने ढोसतात, "चल रं, ते घर सोड."

आमच्या भागात फुटबॉलचं वेड जुनं आहे. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. साड्या विणणारी माणसं, दिवसभर मागावर उभी राहून पाय भरून आलेले, आणि संध्याकाळी अर्धी चड्डी घालून लाल मातीत धावतात. लग्न होऊन मी निपाणीजवळच्या बोरगावहून इथे आले तेव्हा मलाही नवल वाटलं होतं. आमच्याकडे कुस्ती. इथे थोरले दीर, सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणते, माझ्या लग्नाच्या वरातीतून मधेच गायब झाले होते, कारण मैदानावर पेनल्टी चालू होत्या. आप्पा आता क्लबचे सेक्रेटरी आहेत. एकाच घरात आम्ही राहतो. खाली पुढची बैठक आणि मागे माग, वर दोन बिऱ्हाडं, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीवर एक खोली. मी हायस्कुलात मराठी शिकवते. सुट्टीच्या दिवशी मागासाठी सुताच्या कांड्या भरते.

त्या गच्चीवरच्या खोलीत एक हिवाळा शियाम राहिला.

दिवाळी नुकतीच झाली होती. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. दीर असे दारात उभे राहिले की काहीतरी मागायचं असतं.

"सुमन, वरची खोली देऊया का गं? एक गोलकीपर मिळालाय. लई मोठा हाय. देशाकडनं खेळलाय."

"कुठल्या देशाकडनं?"

"मालदीव."

"तिथं फुटबॉल खेळायला जागा हाय का?"

आप्पा हसले. "बघच तू."

गोव्यातला एक संघ मोसमाच्या मध्येच बंद पडला होता आणि त्याचा गोलकीपर मोकळा झाला होता. आप्पांच्या कानावर आलं, आणि ते घाट उतरून त्याला घेऊनच आले. उंच, काळासावळा, तिशी उलटलेला, केस कानावर पिकायला लागलेले. त्याच्या हातांची बोटं वेडीवाकडी बाजूला वळलेली होती. मोडून जुळलेली, पुन्हा मोडलेली. त्याने बूट दारातच काढले, मला वाकून सलाम केला आणि सिनेमातल्या हिंदीत म्हणाला, "दीदी, मी फार जेवतो. आधीच सांगतो." त्याची हिंदी सगळी सिनेमातली होती, म्हणून त्यात कधी कधी उगीचच मोठे शब्द यायचे. त्याचं बोलणं मी इथे माझ्या भाषेतच सांगते.

खोटं सांगत नाही, मला तो नको होता. वर खोलीत मी सुताचे बाचके ठेवत होते. शाळा, स्वयंपाक, कांड्या, आणि त्यात एका परक्या माणसाचं दोन वेळचं जेवण. पहिले काही दिवस मी त्याच्याशी ताट वाढण्यापुरतंच बोलले. त्यानेही खुशामत केली नाही. जेवून झालं की ताट घासून ठेवायचा आणि मैदानावर जायचा.

एका रविवारी मी बाजारातून बांगडे आणले होते. तो जिन्यावरून उतरत होता, वास घेऊन थबकला आणि म्हणाला, "मस!"

"काय?"

"मस. आमच्याकडे याला मस म्हणतात."

"आमच्याकडे मासा," मी म्हटलं.

तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला. मी शब्द विचारत गेले, तो सांगत गेला. वाळूला वेली. चंद्राला हंदु. एक, दोन, तीन म्हणायला लावलं तर त्याचे आकडे आमच्या आकड्यांचे मावसभाऊ निघाले. मी मराठीची बाई. मला असल्या गोष्टींचा मोह होतो. हजार मैल समुद्रात बसलेली ती माणसं आणि आम्ही, कधीकाळी एका घरात जेवलेलो असणार. त्या दिवसापासून तो मला आक्का म्हणायला लागला. गल्लीत सगळे म्हणायचे तसा.

आणि गल्लीने त्याचं नाव श्याम करून टाकलं. शियाम म्हणायला जीभ वळवायला कुणाला वेळ नव्हता. मैदानावर "श्याम, श्याम" अशी हाक सुरू झाली. क्लबच्या फलकावर खडूने संघाची नावं लिहितात तिथेही आप्पांनी श्याम असंच लिहिलं. तो ते वाचायला गेला नाही. हाक मारली की वळायचा.

दुपारी माग चालू असताना तो खाली येऊन बसायचा. बाकी पाहुणे त्या खटखटीत थांबत नाहीत, डोकं धरतात. त्याला तो आवाज वडिलांच्या बोटीच्या इंजिनासारखा वाटायचा. वडील मासेमार होते. बोटीवर गळ टाकून मोठाले मासे हवेत उडवत मागे फेकायचे, आणि लहानपणी याचं काम ते मासे पकडून खाली ठेवायचं. "चेंडू त्याच्यापेक्षा सोपा," तो म्हणायचा. "चेंडू जिवंत नसतो."

त्याच्या बेटावर एकच मैदान. वाळूचं. एका बाजूच्या गोलच्या मागे मशिदीची भिंत आणि दुसऱ्या बाजूच्या गोलच्या मागे सरळ समुद्र. थोरले भाऊ त्याला समुद्राच्या गोलात उभं करायचे. चेंडू आत गेला की गोलकीपरने पोहत जाऊन आणायचा, हा नियम. "मागे समुद्र असला की गोल सोडणं परवडत नाही, आक्का." म्हणून तो गोलकीपर झाला. पुढे राजधानीच्या बेटावर गेला. तिथे नातेवाइकांच्या एका खोलीत माणसं पाळीपाळीने झोपायची. एक कामाला गेला की त्याच्या जागी दुसरा आडवा. तो सकाळी सरावाला जायचा म्हणून त्याला झोपायला रात्रीची पाळी मिळाली, याचा त्याला अजून अभिमान होता.

देशाच्या संघात तो कित्येक वर्षं बाकावर बसून होता. पहिला गोलकीपर चांगला होता आणि त्याला कधी ताप सुद्धा यायचा नाही. मग त्याचा खांदा निखळला आणि शियामला हातमोजे घालून उभं राहावं लागलं. "आमचा देश म्हणजे किती? तुमच्या बेळगावएवढी पण माणसं नाहीत. समोर ज्यांच्याकडे कोटी कोटी माणसं, त्यातून निवडलेली अकरा. आमचे अकरा म्हणजे जे मिळाले ते." चेंडू येत राहायचे. तो अडवत राहायचा. जितके अडवले ते कुणी मोजत नाही, आत गेले ते पाटीवर लागतात. एकदा एका मोठ्या देशाला त्यांनी घरच्या मैदानावर बरोबरीत रोखलं. त्या दिवशी राजधानीतल्या सगळ्या मोटारसायकली रस्त्यावर होत्या, आणि शियामला एका मोटारसायकलवर बसवून बेटाला चकरा मारल्या. "बेट लहान ना. त्याच त्याच लोकांनी मला पुन्हा पुन्हा ओवाळलं," असं सांगून तो पोट धरून हसला होता.

आणि मग एका पावसातल्या सामन्यात साधा चेंडू त्याच्या हातातून निसटला, दोन पायांमधून मागे गेला. तेवढ्यावरून त्याचा देश स्पर्धेबाहेर पडला. "मोठ्या देशात माणूस दुसऱ्या गावाला जातो. आमच्याकडे दुसरं गावच नाही." चहाच्या दुकानात तो आला की माणसं उठायची. बायकोच्या मामाने जेवायला बोलावलं आणि सगळं जेवण होईपर्यंत चेंडूबद्दल एक शब्द काढला नाही. ते त्याला सगळ्यात लागलं. मग तो गोव्याला आला. मग आमच्याकडे.

हे सगळं तो तक्रार म्हणून सांगत नसे. कामाची माहिती दिल्यासारखा सांगायचा. "गोलकीपरच्या मागे लोक उभे असतात. बाकी खेळाडूंना लोक दिसतात, मला फक्त ऐकू येतात. माझी पाठ त्यांच्याकडे."

स्पर्धा सुरू झाली. मी त्याआधी कधी मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. बायका जात नाहीत असं नव्हे, पण जाऊन काय करायचं. त्या वर्षी गेले. कडेच्या पायऱ्यांवर शेजारच्या बायकांबरोबर बसले, हातात निवडायला भाजी घेऊन. आमच्या संघाला लोक हसायचे, दरवर्षी पहिल्या फेरीत गारद. त्या वर्षी कुणाचाच चेंडू आत जाईना. शियाम मोठ्या उड्या मारत नसे. चेंडू जिथे येणार तिथे तो आधीच उभा असायचा, आणि मारणाऱ्याचा चेहरा पडायचा. उपांत्यपूर्व सामना पेनल्टीवर गेला आणि त्याने शेवटची पेनल्टी नुसत्या पायाने अडवली. माणसं रेघा तुडवत आत घुसली. त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल लावला. कुणीतरी मागावरची अर्धी विणलेली शहापुरी साडी कापून आणली होती, तिचा त्याला फेटा बांधला. आप्पा रडत होते. "आपला श्याम," ते ज्याला त्याला सांगत होते, "आपल्याच घरात ऱ्हातो."

जानेवारी लागला आणि मोबाइलवर काहीतरी सुरू झालं. तिकडचं कुणीतरी आपल्या देशाबद्दल काहीतरी बोललं, इकडच्या कुणीतरी उत्तर दिलं, आणि फोनफोनावर मालदीव, मालदीव. तिकडे फिरायला जाऊ नका, असं एकमेकांना पाठवायला लागले. आमच्या गल्लीतली माणसं फिरायला जातात ती गोव्याला, लई झालं तर तिरुपतीला. मालदीवला जाणारा कुणी नव्हता. पण न जाण्याचा निश्चय सगळ्यांनी केला.

आधी चेष्टा होती. किराणावाला त्याला म्हणाला, "काय श्याम, तुमचं काय बिनसलंय आमच्याशी?" शियामने साखरेची पुडी घेतली, हसला. मग दुसऱ्या गल्लीच्या संघाच्या पोरांनी एक घोषणा रचली. मग ती घोषणा आमच्या गल्लीतल्या पोरांच्या तोंडी आली, कारण तिला ठेका चांगला होता. मग कुणीतरी शोध लावला की याचं नाव श्याम नाहीच. हा शोध मला शाळेत शिक्षकांच्या खोलीत कळला. एक सहकारी कुजबुजत म्हणाले, "बाई, तुमच्या घरात ऱ्हातो त्यानं नाव बदलून सांगितलंय म्हणं."

"त्यानं सांगितलं न्हाय. तुम्ही ठेवलंय," मी म्हटलं. "त्याचं नाव पहिल्या दिवसापासनं शियाम हाय."

"तसं नव्हं, पण लोकांस्नी वाटतंय."

लोकांस्नी. हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही. लोकांना वाटतं असं म्हणणारा माणूस स्वतः नेहमी त्या लोकांत पहिल्या रांगेत उभा असतो.

माझ्या रागाचं मूळ सांगायचं तर ते इथे आहे. आम्ही या सीमाभागातली माणसं. कुणी आम्हाला विचारलं, तुम्ही कुठले, इकडचे की तिकडचे, तर आमचं रक्त तापतं. ऑफिसात आपल्या भाषेत अर्ज घेतला नाही म्हणून माणसं घरी येऊन जेवत नाहीत. पाटीवरच्या अक्षरांवरून इथे दगड चालले आहेत, बसच्या काचा फुटल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या नेत्यांच्या भांडणात आपण फुकट भरडले जातो, हे आमच्या घराघरात बोललं जातं, लहान पोरांनाही पाठ आहे. मला वाटायचं, ज्यांना हे इतकं लागतं ते दुसऱ्याला असं करणार नाहीत. मी शिकलेली बाई, आणि मला असं वाटत होतं. उलट त्यांना ते नेमकं कसं करायचं हे माहीत होतं, कुठे बोट घातलं की दुखतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

उपांत्य सामन्याला गर्दी दुप्पट होती. मी भाजी नेली नाही. मध्यांतरापर्यंत शियाम आमच्या बाजूच्या गोलात होता, तिथे घोषणा झाल्या, त्याने मागे बघितलं नाही. नंतर बाजू बदलल्या. आता त्याच्या मागे उसाची ट्रॉली उभी होती आणि तिच्यावर, खाली, जाळीला चिकटून माणसं. ऊस खात होती. आधी चघळून थुंकलेल्या चोयट्या पडल्या. मग कांडी. एक कांडं त्याच्या पाठीवर बसलं, त्याने ते उचलून बाजूला ठेवलं. पंच बघत होता आणि बघत नव्हता. मग एक तासलेलं, टोक असलेलं कांडं त्याच्या भुवईवर बसलं. तो त्याच वेळी आवाज ऐकून वळला होता. रक्त डोळ्यात उतरलं.

मी पायऱ्यांवरून उठले. माझ्या शेजारची बाई माझा पदर धरून म्हणाली, "बस गं आक्का, आपण बायका." ट्रॉलीवर मला आमच्या गल्लीतली तीन तोंडं दिसली. एकाला मी दहावीला शिकवलं होतं. तो हसत होता. त्याच्या हातात ऊस होता. त्यानेच फेकला की नाही हे मी सांगू शकत नाही.

शियामने शर्टाच्या बाहीने डोळा पुसला. पट्टी बांधून घेतली आणि एका डोळ्याने उरलेला सामना खेळला. आमचा संघ जिंकला. ट्रॉलीवरची आमची माणसं खाली उड्या मारून नाचायला लागली. ज्यांनी मारलं तीच. त्याला खांद्यावर घ्यायला मात्र कुणी गेलं नाही. आप्पा मैदानाच्या मध्यावर उभे होते, टाळ्या वाजवू की जवळ जाऊ हे न कळल्यासारखे.

डॉक्टरांनी भुवईला टाके घातले. घरी आल्यावर मी हळदीचं दूध दिलं तर त्याने घेतलं नाही. "आक्का, माझ्या देशात गोल सोडला म्हणून शिव्या," तो म्हणाला. "इथे अडवला म्हणून. मग मी करू काय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लबची मंडळी आमच्या बैठकीत जमली. माग बंद होते, म्हणून वर सगळं ऐकू येत होतं. मी चहा घेऊन खाली गेले आणि कप ठेवून तिथेच उभी राहिले. मी जावं अशी सगळ्यांची इच्छा खोलीत दिसत होती.

"फायनलला दंगा झाला तर स्पर्धाच बंद व्हईल," एकजण म्हणाला.

"पोरांच्या भावना हायत," दुसरा म्हणाला.

"तो चांगला हाय, त्यात वाद न्हाय. पण ह्या वेळी राहू दे."

रमेश नावाचा आमचा बदली गोलकीपर कोपऱ्यात बसला होता. बसमध्ये कंडक्टर, पोट सुटलेला, भला माणूस. तो जमिनीकडे बघत होता.

"आप्पा," मी म्हटलं, "ऊस आपल्या पोरांनी मारला. मी बघितलंय. त्यास्नी काढा की."

आप्पा म्हणाले, "सुमन, तू वर जा."

"त्याला इथं कुणी आणलं?"

"वर जा म्हटलं न्हवं?"

माझे यजमान भिंतीला टेकून उभे होते. ते आयुष्यात थोरल्या भावापुढे बोललेले नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. तेवढ्यात शियाम जिना उतरून आला. त्याला आमची भाषा तोपर्यंत पुरेशी कळायला लागली होती. डोळा सुजून मिटला होता. सगळे उठून उभे राहिले, जसे पाहुण्याला राहतात.

आप्पांनी त्याला हिंदीत सांगितलं, फायनल खेळू नकोस, तुझ्याच काळजीपोटी. तो ऐकत राहिला. मग आप्पांनी जे म्हटलं ते अजून माझ्या कानात आहे. त्यांनी रमेशकडे बोट केलं आणि म्हणाले, "आणि ते हातमोजे तेवढे राहू दे. त्याच्याकडं चांगले न्हाईत. फायनल झाली की परत देतो."

खोलीत कुणालाही ते मागणं वावगं वाटलं नाही. मला वाटतं, आप्पांनाही नाही. ते मनाने वाईट नाहीत. त्यांना खरंच कप हवा होता आणि रमेशचे हातमोजे खरंच फाटले होते.

शियाम वर गेला आणि हातमोजे घेऊन खाली आला. सरळ मागे गेला, जिथे माग आहेत, आणि सूत कापायची आमची मोठी कात्री घेऊन परत आला. टीपॉयवर कप होते ते एका हाताने बाजूला सारले. बसला. आणि एकेक बोट कापायला लागला. सावकाश. जाड रबर होतं, कात्री दोनदा अडली, त्याने पकड बदलली. दहाही बोटं कापून त्याने ती टीपॉयवर ओळीने ठेवली, रमेशपुढे नव्हे, आप्पांपुढे. मग मराठीत म्हणाला, "घ्या."

त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. निव्वळ राग होता, स्वच्छ, मोठ्या माणसाचा. मला तो चेहरा फार आवडला. इतके दिवस तो सोसत होता तेव्हा आम्हा सगळ्यांना सोयीचा होता.

सकाळी यजमान त्याला स्कूटरवर बसवून गोव्याच्या गाडीला सोडून आले. बाहेर दाट धुकं होतं. तो माझ्या पाया पडला नाही आणि मला ते बरं वाटलं. "आक्का, तुमच्या हातचा मस चांगला," एवढंच म्हणाला. मी डब्यात भाकरी आणि सुकटाची चटणी दिली होती.

फायनल आम्ही जिंकलो. हे सांगायला मला आवडत नाही, पण तसं झालं. रमेश चांगला खेळला. दुसऱ्यांच्या मारणाऱ्यांनी चेंडू गोलच्या आडव्या दांड्यावरून घालवले, आमच्या एकाने आत घातला. गच्चीवर मला फटाके ऐकू आले आणि मी वाळत घातलेलं सूत गोळा करत राहिले. आप्पा पेढे घेऊन वर आले. मी हात पुढे केला नाही. ते पेढा टेबलावर ठेवून गेले, त्याला मुंग्या लागल्या. त्या दिवसापासून मी आप्पांशी बोलत नाही. एका घरात राहतो, त्यांना ताट वाढते, औषधाची वेळ झाली की गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवते. बोलत नाही. यजमान म्हणतात, सोड आता. जाऊबाई म्हणतात, एवढ्या परक्या माणसासाठी? क्लबात कपासोबतचा फोटो लावला आहे, त्यात सगळे आहेत, शियाम नाही. खाली नावं आहेत, त्यातही नाही. क्लबने कप जिंकला त्या वर्षी एकही गोल पेनल्टीशिवाय खाल्ला नव्हता असं पोरं अजून अभिमानाने सांगतात. कुणामुळे, ते सांगत नाहीत.

शियाम पुढे व्यावसायिक फुटबॉल खेळला नाही. गोव्यात कुणी विचारलं नाही, घरी परतला. आता आपल्या बेटावर राहतो, भावाच्या बोटीवर जातो, संध्याकाळी तिथल्या संघाच्या गोलकीपरांना शिकवतो. यजमानांच्या फोनवर ईदला, दिवाळीला त्याचा निरोप येतो. फोटो येतात, निळ्या पाण्याचे, इतक्या निळ्या की खोटे वाटावेत. भुवईत जिथे टाके होते तिथे केस उगवलेले नाहीत.

यंदा चुन्याच्या रेघा पडल्या त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. रविवार होता, मी कांड्या भरत होते. तो खुशीत होता. त्यांच्या बेटावर स्पर्धा चालू होती. शेजारच्या बेटावर हॉटेलाचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या मजुरांनी संघ काढला होता. बंगालचे, बिहारचे, आपल्याकडचेच. त्यांचा गोलकीपर बारीकसा होता पण चपळ, सगळं अडवत होता.

"मग मी काय केलं माहीत आहे, आक्का?" तो म्हणाला. "मी त्याच्या गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. आणि ओरडलो. सगळ्या शिव्या दिल्या, तुमच्या मैदानावर मला पडल्या त्या सगळ्या. मराठीत. एकही विसरलो नव्हतो."

मागाचा आवाज चालू होता. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मराठीत?"

"त्याला काय कळणार, तो बंगाली! पण वळून बघायला लागला. आवाज कळतो ना. शिवी कुठल्याही भाषेतली असो, पाठीला कळते."

मी बाई आहे शाळेतली. माझ्या तोंडी एक प्रश्न आपोआप आला, ज्याचं मला हवं ते उत्तर मी आधीच ठरवून ठेवलं होतं. "मग थांबलास का रं तू? त्याचं तोंड बघून?"

"नाही." तो सहज म्हणाला. "मॅच संपेपर्यंत ओरडलो. घसा बसला."

"बरं वाटलं?"

फोनमध्ये मागे वारा होता, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो आमच्या गल्लीतल्या बोलीत, अगदी आप्पांसारखा म्हणाला, "लई बरं वाटलं, आक्का. लई."

त्या बंगाली पोराचा काय दोष, हे मी त्याला म्हणायला हवं होतं. वर्गात असते तर म्हटलं असतं. पण ट्रॉलीवरची ती तोंडं माझ्या डोळ्यापुढे आली, आणि ऐकून मलाही बरं वाटलं.